टेक कंपन्यांच्या टॅक्समधून शिक्षणाचे पैसे कसे मिळवायचे : वॉशिंग्टन राज्यातल्या मराठी घरांसाठी

दरवर्षी ऑक्टोबर लागला की मला फोन यायला लागतात, ताई आमच्या मुलीला कॉलेजसाठी काही मिळेल का, आणि विचारणाऱ्यांपैकी अर्ध्या लोकांनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं, की आपण व्हिसावरची माणसं, आपल्याला इथलं सरकार कुठलं काय देणार. मी बॉथेलला राहते, रविवारी दुपारी आमच्या डायनिंग टेबलवर बसून लोकांना फॉर्म भरायला मदत करते. मी वकील नाही, कॉलेजची माणूस नाही, स्वतःच्या घरात एकदा चुकले आणि त्यातून शिकले. तेच इथे एकदा सगळं लिहून ठेवते म्हणजे फोनवर तेच तेच सांगायला नको आणि जे फोन करायला संकोचतात त्यांनाही मिळेल.

आधी हे पैसे कुठून येतात ते सांगते, कारण ते कळलं की मागताना मान खाली जात नाही.

२०१९ मध्ये राज्याने वर्कफोर्स एज्युकेशन इन्व्हेस्टमेंट अ‍ॅक्ट नावाचा कायदा केला, हाउस बिल २१५८, मांडलं होतं आमदार ड्रू हॅन्सन यांनी आणि सही केली तेव्हाचे गव्हर्नर जे इन्स्ली यांनी. गंमत वाटेल पण टॅक्स वाढवा हे जाहीरपणे म्हणणाऱ्यांत मायक्रोसॉफ्टचे ब्रॅड स्मिथ पुढे होते, त्यांचं म्हणणं असं की इथल्या कंपन्यांना शिकलेली माणसं लागतात, इथल्या मुलांना ते शिक्षण परवडत नाही, तर कंपन्यांनी जास्त भरावं आणि सगळ्यात मोठ्या टेक कंपन्यांनी सगळ्यात जास्त. इथे कंपन्यांना बी अँड ओ, म्हणजे बिझनेस अँड ऑक्युपेशन टॅक्स असतो, तो नफ्यावर नाही, एकूण उलाढालीवर लागतो, खर्च वजा होत नाही. त्याच्यावर हा सरचार्ज बसवला. सुरुवातीच्या रचनेत सॉफ्टवेअर, इंजिनिअरिंग, अकाउंटिंग असे बरेच व्यवसाय वेगवेगळे यादीत टाकले होते, ते फार किचकट झालं म्हणून २०२० मध्ये लगेच सोपं केलं : सेवा देणाऱ्या ज्या धंद्यांची उलाढाल १० लाख डॉलरच्या वर त्यांचा दर १.५ वरून १.७५ टक्के, आणि जगभरात मिळून २५ अब्ज डॉलरच्या वर उलाढाल असलेल्या कॉम्प्युटिंग कंपन्यांना वेगळा १.२२ टक्के सरचार्ज, पण वर्षाला जास्तीत जास्त ९० लाख डॉलर. २०२५ मध्ये कायदा परत बदलला आणि १ जानेवारी २०२६ पासून तो सरचार्ज ७.५ टक्के झाला, वरची मर्यादा साडेसात कोटी डॉलर.

हे वाचून मला पहिल्यांदा आठवला तो आपला प्रोफेशन टॅक्स. पुण्यात नोकरी केलेल्या प्रत्येकाने सॅलरी स्लिपवर ते महिन्याचे २०० रुपये बघितलेत आणि फेब्रुवारीत ३०० का कापले म्हणून अकाउंट्सला विचारलंय. तो टॅक्स महाराष्ट्रात १९७५ मध्ये आणला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला, शहरातल्या पगारदाराने थोडं द्यायचं आणि दुष्काळी गावातल्या माणसाला काम मिळायचं, वि. स. पागे यांनी ज्या योजनेचा पाठपुरावा केला ती. म्हणजे ज्यांचं बरं चाललंय त्यांच्याकडून विशिष्ट कामासाठी टॅक्स घ्यायचा ही कल्पना आपल्याला नवी नाही. आणि रोहयोत जसं काम मागणाऱ्याचा हक्क कायद्यात लिहिला होता तसंच इथेही झालं, आणि माझ्या मते २०१९ च्या कायद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट टॅक्स नाही, हीच आहे.

त्याआधी राज्याची ग्रांट होती, स्टेट नीड ग्रांट, पण बजेट संपलं की संपलं. सगळ्या अटींत बसणारी हजारो मुलं दरवर्षी रिकाम्या हाताने परत जायची, फक्त नंबर लागला नाही म्हणून. नव्या कायद्याने तिच्या जागी वॉशिंग्टन कॉलेज ग्रांट आणली आणि ती गॅरंटीड केली, अटींत बसलात तर मिळणारच, रांग नाही. म्हणून जे म्हणतात आपण घेतलं तर दुसऱ्या गरिबाचं जाईल, त्यांना मी सांगते की तसं नाहीये. आणि तरीही फायनान्शियल एडचा फॉर्म भरण्यात हे राज्य देशात अगदी खालच्या नंबरांत असतं. पैसे ठेवलेत, मागायला माणसं येत नाहीत.

फॉर्मला बसायच्या आधी तीन गोष्टी नक्की करा

पहिली, शिकणारा माणूस कुठल्या स्टेटसवर आहे. आईबाप नाही, शिकणारा. ह्या एका गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. आईबाप दोघंही एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-फोरवर (त्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा), ग्रीन कार्डच्या रांगेत बारा वर्षं, पण मुलगा इथे रेडमंडला जन्मला, तर तो सिटिझन आहे आणि तो शिक्षणाच्या मदतीचा फेडरल फॉर्म, म्हणजे फाफ्सा, स्वतःच्या नावावर सरळ भरू शकतो. आईबापांचा व्हिसा आडवा येत नाही. मुलगी पुण्यात जन्मली, तीन वर्षांची असताना आली, अजून एच-फोरवर आहे, तर तिला फाफ्सा नाही, तिच्यासाठी राज्याचा वेगळा फॉर्म आहे, वास्फा. एकाच घरात थोरली वास्फावाली आणि धाकटा फाफ्सावाला असं मी दोनदा बघितलंय. दोन्ही फॉर्म एकाच माणसाने भरायचे नाहीत, एक काय तो.

एच-फोरवाल्यांनी अजून एक करायचं, कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसला लेखी विचारायचं की आमच्या मुलीला राज्याची रहिवासी धरणार का आणि अ‍ॅफिडेव्हिट कुठलं भरू. इथल्या कायद्यात आता साधारण असं आहे की हायस्कूल पूर्ण केलंय किंवा त्याच्या बरोबरीची परीक्षा दिलीय आणि क्वार्टर, म्हणजे कॉलेजचं सत्र, सुरू व्हायच्या आधी सलग वर्षभर राज्यात राहिलाय तर स्टेटस काहीही असो अर्ज करता येतो, पण निर्णय कॉलेजचा असतो म्हणून उत्तर ईमेलवर घ्या, फोनवर मिळालेलं उत्तर पुढच्या माणसाला माहीत नसतं. आणि मुलगी २१ ची होणार असेल तर एच-फोर संपतं, तेव्हा कुठल्या स्टेटसवर जाणार हे इमिग्रेशन वकिलाशी आधी बोलून घ्या, कारण स्टेटस बदललं की रेसिडेन्सीचं गणित परत मांडावं लागू शकतं.

दुसरी, शिकणाऱ्याकडे आधीची पदवी आहे का. वॉशिंग्टन कॉलेज ग्रांट ही पहिल्या पदवीपर्यंतच्या शिक्षणासाठी आहे. म्हणजे आपल्या कितीतरी बायका, बी.कॉम., बी.एस्सी., इंजिनिअर, ज्यांना इथे दहा वर्षांनी परत काहीतरी शिकायचंय, त्यांना ही ग्रांट नाही. हे सांगताना मला वाईट वाटतं पण खोटी आशा नको, आणि भारतातली पदवी इथे कोण बघतंय असं म्हणून ती लपवायची तर अजिबात नाही, फॉर्मवर खरं लिहायचं. त्यांच्यासाठी खाली वेगळं लिहिलंय.

तिसरी, उत्पन्न. ग्रांट मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते, घराचं उत्पन्न आणि घरात माणसं किती, आणि त्याची तुलना होते राज्याच्या मध्यम कौटुंबिक उत्पन्नाशी. अलीकडच्या वर्षांत चार माणसांच्या घराला साधारण पाऊण लाख डॉलरच्या आसपासपर्यंत पूर्ण ग्रांट आणि सव्वा लाखाच्या आसपासपर्यंत कमी कमी होत जाणारी. तक्ता दरवर्षी बदलतो, वॉशिंग्टन स्टुडंट अचिव्हमेंट कौन्सिलच्या साइटवर चालू वर्षाचा बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा बघू नका. आता मोठ्या टेक कंपनीत दोघंही नोकरीला असाल तर तुम्ही यात बसत नाही हे उघड आहे. पण आपली सगळी मराठी घरं तशी नाहीत हो. किराणा दुकान चालवणारे आहेत, घरी डे-केअर चालवणाऱ्या आहेत, डबे करून देणाऱ्या आहेत, एका पगारावर चार माणसं आहेत, घटस्फोटानंतर एकटीने दोन मुलं वाढवणारी आहे. आणि ले-ऑफ झालेली तर आता दर दोन घरांआड आहेत.

घरात माणसं किती हे मोजताना, सासूसासरे ग्रीन कार्डवर कायमचे तुमच्याकडे असतील आणि त्यांचा अर्ध्याहून जास्त खर्च तुम्ही करत असाल तर ते धरा. सहा महिने येऊन परत जाणारे धरायचे नाहीत.

फॉर्म भरताना आपली माणसं कुठे अडकतात

फाफ्सा दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत उघडतो, फुकट असतो, कोणी पैसे मागत असेल तर उठून या. मुलाचं वेगळं अकाउंट आणि आईबापांचं वेगळं, एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नसलेल्या पालकालाही अकाउंट काढता येतं, फक्त त्याला ओळख पटवायला जास्त दिवस लागू शकतात म्हणून ते काम आधी उरकून घ्या.

पहिली अडचण नावाची. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी रीत, आणि पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये दोन्ही एकत्र घातलेली असतात. मग सोशल सिक्युरिटी कार्डावर एक, बँकेत दुसरं, टॅक्स रिटर्नमध्ये तिसरं. फाफ्साचं अकाउंट सोशल सिक्युरिटीच्या रेकॉर्डशी ताडून बघतात, त्यामुळे कार्ड समोर ठेवून त्यावर जसं आहे तसंच अक्षरन् अक्षर टाका, लाडाने घरात काय म्हणता ते नाही. हे न जुळल्यामुळे तीन तीन आठवडे गेलेली घरं मला माहीत आहेत.

दुसरी, मालमत्ता. राहतं घर मोजत नाहीत, ४०१-के, म्हणजे नोकरीतली निवृत्तीची बचत, मोजत नाहीत. पण पुण्यातला किंवा नाशिकचा फ्लॅट हे राहतं घर नाही, ती गुंतवणूक धरली जाते, किंमत वजा कर्ज, आणि तसंच भारतातल्या एफडीचं. लोक म्हणतात त्यांना काय कळणार. फॉर्मच्या शेवटी सही करताना तुम्ही खरं लिहिलंय असं सांगता, आणि उद्या ग्रीन कार्ड, सिटिझनशिप सगळं यायचंय, एवढ्या तेवढ्यासाठी कशाला ते डोक्यावर घ्यायचं. फ्लॅट बाबांच्या नावावर असेल, तुमच्या नाही, तर तो तुमचा नाहीच, मग लिहायचा प्रश्न येत नाही.

तिसरी, टॅक्सची माहिती आयआरएसकडून, म्हणजे फेडरल टॅक्स खात्याकडून, घ्यायला संमती द्यायची असते, प्रत्येक पालकाने आपापल्या अकाउंटमधून. नवऱ्याने भरलं आणि बायकोची संमती राहिली तर फॉर्म अर्धवट राहतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही, जानेवारीत कॉलेजचा ईमेल येतो तेव्हा कळतं. रिटर्न दोघांचं एकत्र भरलेलं असेल तर सहसा एकाच पालकाची संमती पुरते, फॉर्म विचारेल त्याप्रमाणे करा.

वास्फा वेगळ्या साइटवर असतो, बराच लहान असतो, आणि त्यातली माहिती राज्याकडे राहते, फेडरल फॉर्मसारखी वॉशिंग्टन डीसीला जात नाही. तो भरायला घाबरणारी घरं खूप आहेत आणि सध्याचं वातावरण बघता मी त्यांना नावं ठेवत नाही. ज्यांच्या स्टेटसमध्ये काही गुंता आहे त्यांनी आधी वकिलाला विचारावं आणि मग भरावं.

नोकरी गेली असेल तर, हा भाग दोनदा वाचा

फाफ्सा दोन वर्षं जुनं उत्पन्न धरतो. २०२६-२७ साठी भरताना २०२४ चा टॅक्स. आता टेकमधल्या घराचा विचार करा, त्या वर्षी पगार होता, त्यात आरएसयू व्हेस्ट झालेले, म्हणजे कंपनीने दिलेले शेअर हातात आलेले, ते सगळे डब्ल्यू-टूवर (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा टॅक्स फॉर्म) पगारातच दिसतात, आकडा सव्वादोन लाख. आणि आज घरात काय आहे तर सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनी देते ते पैसे) संपत आलेला आणि मॉर्गेज चालू.

आमचं हेच झालं. नवऱ्याची नोकरी गेली, मुलगी सीनियर वर्षाला, म्हणजे बारावीला, मी फॉर्म भरला तर शून्य ग्रांट आली आणि मी दोन महिने तेच उत्तर समजून गप्प बसले. कॉलेजमधल्या ज्या बाईंशी बोलले त्या म्हणाल्या सिस्टिमने काढलंय ते असंच असतं. मग लायब्ररीत एका फॉर्म भरायच्या शिबिरात शेजारी बसलेल्या मेक्सिकन आईने मला सांगितलं, अपील कर, त्याला प्रोफेशनल जजमेंट म्हणतात, हा शब्द तसाच वापर. तो शब्द वापरला आणि दार उघडलं. फेडरल नियमाप्रमाणे कॉलेजचं फायनान्शियल एड ऑफिस बदललेली परिस्थिती बघून आकडे बदलू शकतं, आणि आम्ही असली अपिलं बघतच नाही असं सरसकट धोरण कॉलेजला ठेवता येत नाही. राज्याच्या ग्रांटसाठीही मग ते बदललेलं उत्पन्न धरू शकतात.

करायचं असं. कॉलेजच्या साइटवर स्पेशल सर्कमस्टन्सेस किंवा इन्कम चेंज असा फॉर्म शोधा, नाही सापडला तर ईमेल करून मागा. सोबत एक पानाचं पत्र, त्यात रडगाणं नको, तारखा आणि आकडे हवेत : नोकरी कुठल्या तारखेला गेली, शेवटचा पगार किती, सेव्हरन्स एकूण किती आणि कधीपर्यंत, बेकारी भत्ता आठवड्याला किती, पुढच्या बारा महिन्यांत घरात साधारण किती येईल. त्या जुन्या वर्षातल्या डब्ल्यू-टूमध्ये स्टॉक किती होता तो आकडा वेगळा काढून दाखवा आणि तो आता येणार नाही हे लिहा, कारण ऑफिसमधल्या माणसाला डब्ल्यू-टू बघून पगार कुठला आणि व्हेस्टिंग कुठलं हे कळत नाही, त्यासाठी डिसेंबरची शेवटची पे-स्लिप जोडा. ले-ऑफचं पत्र जोडा. बेकारी भत्त्याचं पत्र जोडा. आजारपणाचा मोठा खर्च, घटस्फोट, घरातला मृत्यू हेही याच फॉर्ममध्ये सांगता येतं. पाठवून दोन आठवडे झाले की विचारा, परत दोन आठवड्यांनी विचारा. आम्हाला उत्तर यायला सात आठवडे लागले, पूर्ण नाही पण निम्म्याहून जास्त ट्युशन सुटली, आणि मी ते दोन महिने गप्प बसले नसते तर पहिल्या क्वार्टरचंही सुटलं असतं हे अजून मनात राहिलंय.

नोकरी गेलेल्या माणसाने स्वतः शिकायचं ठरवलं तर कम्युनिटी कॉलेजांमध्ये वर्कर रिट्रेनिंग नावाची सोय आहे. हा पैसा टेक सरचार्जचा नाही, जुनी योजना आहे, पण उपयोगाची. गेल्या ४८ महिन्यांत बेकारी भत्ता घेतलेला असेल तर विचारा, आणि नवऱ्याच्या उत्पन्नावर अवलंबून असलेल्या, ते उत्पन्न तुटलेल्या गृहिणीसाठीही त्यात जागा आहे, तिला त्यांच्या भाषेत डिस्प्लेस्ड होममेकर म्हणतात. भत्ता चालू असताना शिकायचं असेल तर एम्प्लॉयमेंट सिक्युरिटी डिपार्टमेंटकडून ट्रेनिंगची मंजुरी आधी घ्या, वर्ग सुरू करून मग विचारलं तर भत्ता अडकतो. एच-वन-बीवर असताना नोकरी गेलेल्यांसाठी हे नाही, त्यांच्यासमोर ६० दिवसांची मुदत असते, त्यांनी आधी वकील गाठावा.

पदवी असलेल्या आणि एच-फोरवरच्या बायकांसाठी

एच-फोरवर शिकायला परवानगी लागत नाही, काम करायला लागते. हे अजून बऱ्याच जणींना माहीत नाही. म्हणून कम्युनिटी कॉलेजचा सर्टिफिकेट कोर्स आजही करता येतो, ग्रांट मिळाली नाही तरी रेसिडेंट ट्युशन, म्हणजे राज्याच्या रहिवाशांची कमी फी, लागली तर फी बऱ्यापैकी आवाक्यात येते, पुन्हा तेच, रेसिडेन्सी ऑफिसचं उत्तर लेखी घ्या. बेलव्ह्यू कॉलेज, बॉथेलचं कॅस्केडिया, कर्कलंडचं लेक वॉशिंग्टन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, रेंटन टेक्निकल, आपल्या वस्त्यांच्या आसपास हीच आहेत, नावात टेक्निकल असलेल्यांकडे कोर्स लहान आणि थेट कामाचे असतात.

आणि एक गोष्ट जी प्रत्येक एच-वन-बी घराने ऐकावी. आपल्या पिटिशनबरोबर, म्हणजे व्हिसाच्या अर्जाबरोबर, कंपनी एक फी भरते, १९९८ च्या एका फेडरल कायद्याने सुरू झालेली, आता मोठ्या कंपनीला १,५०० डॉलर आणि २५ पर्यंत माणसं असलेल्या कंपनीला ७५०. पहिल्या पिटिशनला आणि त्याच कंपनीकडच्या पहिल्या एक्स्टेन्शनला. ती कंपनीनेच भरायची असते, तुमच्याकडून वसूल करता येत नाही, कोणी केली असेल तर ते नियमाबाहेर आहे. ह्या फीचा निम्मा भाग अमेरिकन कामगारांच्या ट्रेनिंगसाठी लेबर डिपार्टमेंटकडे जातो आणि ३० टक्के नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे, त्यातून कमी उत्पन्नाच्या मुलांना सायन्स-इंजिनिअरिंगच्या शिष्यवृत्त्या मिळतात, एस-स्टेम नावाने. २०१५ मध्ये अप्रेंटिसशिपसाठी १७.५ कोटी डॉलर वाटले तेही ह्याच पैशातून. मी हे सांगते कारण आपली माणसं इथे उपऱ्यासारखी बोलतात, आणि पंचवीस वर्षं आपल्या प्रत्येक व्हिसामागे इथल्या कोणाच्यातरी शिक्षणाला पैसे गेलेत. तुमचा सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला मुलगा ज्या कॉलेजात जातोय तिथल्या डिपार्टमेंटला विचारा की एस-स्टेम आहे का. ही शिष्यवृत्ती कॉलेज चालवतं, फाफ्सा भरून आपोआप येत नाही, विचारावं लागतं.

चार वर्षांची पदवी नकोच असेल तर

आपल्या घरांत हा विषय निघत नाही. आयटीआय म्हटलं की आपल्याकडे चेहरे पडतात, आणि तेच आपण सोबत घेऊन आलोय. माझ्या टेबलावर एक मुलगा आला होता, हाताने काम करायची आवड, आईवडिलांनी कॉम्प्युटर सायन्सला घातला, दोन क्वार्टर नापास. त्याला इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप कशी शोधायची हे आम्ही दोघांनी मिळून बघितलं, त्याचे वडील पलीकडे फोनमध्ये बघत बसले होते.

वॉशिंग्टन कॉलेज ग्रांट मान्यताप्राप्त अप्रेंटिसशिपलाही चालते हे लक्षात ठेवा. यात पहिल्या दिवसापासून पगार असतो, शिकता शिकता तो टप्प्याटप्प्याने वाढतो, आणि वर्गातल्या फीला ग्रांट. राज्याच्या लेबर अँड इंडस्ट्रीज खात्याच्या साइटवर सगळ्या नोंदणीकृत अप्रेंटिसशिपची यादी आहे, काउंटी आणि काम टाकून शोधता येते, साउथ सिॲटल कॉलेजचा जॉर्जटाउन कॅम्पस ह्या कामासाठी ओळखला जातो. टेकमधलीच हवी असेल तर अ‍ॅप्रेंटी बघा, इथल्या टेक कंपन्यांच्या संघटनेने सुरू केलेली. हायस्कूलमधल्या मुलांसाठी करिअर कनेक्ट वॉशिंग्टनचे करिअर लाँच प्रोग्रॅम आहेत, त्यात पगारी कामाचा अनुभव आणि शेवटी सर्टिफिकेट किंवा कॉलेजची क्रेडिट. २०१९ च्या कायद्यातून याला पैसे गेले, नर्सिंग शिकवणाऱ्यांचे पगार वाढवायलाही गेले, कारण शिकवायला माणूस नाही म्हणून नर्सिंगच्या जागा रिकाम्या जात होत्या.

ग्रांटच्या मर्यादेच्या थोडे वर असाल तर वॉशिंग्टन स्टेट ऑपॉर्च्युनिटी स्कॉलरशिप बघा. ही २०११ ची, मायक्रोसॉफ्ट आणि बोइंगने सुरुवातीला प्रत्येकी अडीच कोटी डॉलर देऊ केले आणि खासगी डॉलरमागे राज्य एक डॉलर घालतं. मध्यम उत्पन्नाच्या १२५ टक्क्यांपर्यंत चालतं. स्टेम (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, गणित) किंवा आरोग्य क्षेत्रातल्या पदवीला एकूण २२,५०० डॉलरपर्यंत, आणि कम्युनिटी-टेक्निकल कॉलेजमधल्या कामाच्या कोर्सना क्वार्टरला १,५०० पर्यंत. अर्ज वेगळा, मुदत वेगळी, शिवाय फाफ्सा किंवा वास्फा भरलेला लागतो.

ऑलिम्पियाला, म्हणजे राज्याच्या राजधानीला, कळवायचं कसं

२०२५ मध्ये राज्याच्या बजेटला खड्डा पडला तेव्हा ग्रांटचे नियम थोडे आवळले गेले, टॅक्स वाढला त्याच वर्षी. मला ते पटलं नाही. शिक्षणाच्या नावाने घेतलेला टॅक्स शिक्षणालाच जावा आणि आधीच्या खर्चाच्या जागी नाही तर त्याच्यावर जावा, हे बघायला कायद्यातच एक देखरेख बोर्ड नेमलंय, त्यात आमदार, कंपन्या, कामगार, विद्यार्थी सगळ्यांची माणसं असतात आणि बैठका लोकांना खुल्या असतात. तिथे मराठी सोडाच, भारतीयच क्वचित दिसतात.

विधिमंडळ जानेवारीत सुरू होतं, सम वर्षी ६० दिवस आणि विषम वर्षी १०५. बिलाचा नंबर घेऊन साइटवर त्या कमिटीच्या हिअरिंगला जा, तिथे घरबसल्या तुमचं मत नोंदवता येतं, प्रो (बाजूने) किंवा कॉन (विरोधात), बोलायचं असेल तर झूमवर दोन मिनिटं मिळतात, लेखीही देता येतं. सिटिझन असायची अट नाही, तुम्ही इथे राहता एवढं पुरे. नोंदणी हिअरिंगच्या एक तास आधी बंद होते, सकाळी आठची असेल तर रात्रीच करून झोपा, आणि बोलायला उभे राहाल तेव्हा आकडे मी वर दिलेत ते वापरा पण आधी तुमच्या घरात काय झालं ते सांगा, मी मागच्या वेळी मुलीच्या त्या सात आठवड्यांबद्दल बोलले तर अध्यक्षांनी मला थांबवून विचारलं की प्रोफेशनल जजमेंटबद्दल तुम्हाला कॉलेजने सांगितलं की दुसऱ्या कोणी, आणि मी त्या मेक्सिकन आईचं सांगितलं.